जैवपटल, नळपाणीपुरवठ्यातील

जलवाहिन्या, साठवण टाक्या, नळ इ. सतत ओल्या राहणाऱ्या पृष्ठांवर सूक्ष्मजंतू चिकटून राहतात आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात गुरफटून पातळ थर तयार करतात. या थरास जैवपटल म्हणतात. रांजणाच्या किंवा पिंपाच्या आतील बाजूवरून बोट फिरविल्यास जो बुळबुळीतपणा लागतो तो बहुधा या पटलाचाच असतो. कराड येथे कृष्णा व कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. तेथील घाटाच्या पाण्याखालील पायऱ्या निसरड्या होतात, त्यासही शेवाळाच्या जोडीने असेच पटल कारणीभूत असते. नदीतील दगड आणि शुद्ध केलेले पाणी वाहून नेणारा नळ यांत या दृष्टीने फरक इतकाच की, नळात प्रकाश पोहोचत नसल्याने शेवाळ वाढत नाही आणि सूक्ष्मजंतूंना मिळणारे अन्न फार थोडे असते. मात्र ते अगदीच नसते असे नाही, व तेवढ्यावरही पटल वाढते.

जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी निर्जंतुक म्हटले जाते, तेव्हा त्यात एकही जीव उरलेला नाही, असा त्याचा अर्थ नसतो. रोगकारक जंतू नष्ट झाले आहेत किंवा निरुपद्रवी प्रमाणापर्यंत कमी झाले आहेत, एवढेच त्यावरून समजावयाचे. निवळण, गाळणी व क्लोरीन या तिन्ही टप्प्यांतून काही सूक्ष्मजंतू सुटतातच. ते वितरण व्यवस्थेत शिरले म्हणजे भिंतीला चिकटतात व तेथे वाढू लागतात. वितरण व्यवस्थेतील एकूण सूक्ष्मजंतूंपैकी सु. ९५ टक्के नळांच्या भिंतींवर असतात आणि वाहत्या पाण्यात जेमतेम ५ टक्के असतात, असा अंदाज आहे. तपासणीसाठी मात्र नमुना घेतला जातो तो वाहत्या पाण्याचा. त्यामुळे केंद्रातील पाण्याचा नमुना उत्तम ठरूनही तेच पाणी काही किमी. अंतरावरील घरात पोहोचेपर्यंत बिघडलेले असू शकते. पाण्याची शुद्धता केंद्रात एकदा ठरून संपत नाही, तर नळातील प्रवासात ती टिकते किंवा गमावली जाते, हे या विषयाचे व्यावहारिक महत्त्व होय.

इतिहास : डच सूक्ष्मदर्शिकी तज्ञ आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३-८४ च्या सुमारास दातांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व त्यातील ‘सूक्ष्म प्राण्यांचे’ वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांद्वारे कळविले. किटणावर सिर्का (व्हिनेगर) टाकला असता बाहेरच्या बाजूचे जीव मरतात पण तो आतपर्यंत पोहोचत नाही, असेही त्यांनी नोंदविले होते. पटलातील जंतूंवर रासायनिक द्रव्याचा परिणाम अपुरा होतो, या गोष्टीची ही बहुधा पहिली नोंद असावी. तथापि पुढे दीर्घकाळ सूक्ष्मजंतुविज्ञान हे मुख्यतः शुद्ध संवर्धनाचे, म्हणजे परीक्षानलिकेतील द्रवात सुटे तरंगणाऱ्या एकाच जातीच्या जंतूंचे शास्त्र राहिले. ए. टी. हेन्रिसी (१९३३) व सी. ई. झोबेल (१९४३) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाण्यातील सूक्ष्मजंतू पृष्ठभागावर अधिक संख्येने आढळतात, हे दाखवून दिले. १९७८ मध्ये जे. डब्ल्यू. कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गातील बहुतेक सूक्ष्मजंतू सुटे नसून पटलांच्या रूपाने राहतात, असे प्रतिपादन केले. त्यानंतर या विषयाच्या अभ्यासाला वेग आला.

रचना व वाढ : नवा नळ पाण्याने भरताच त्याच्या भिंतीवर पाण्यातील कार्बनी द्रव्यांचा अतिसूक्ष्म लेप बसतो. त्यावर प्रथम काही जंतू सैलपणे टेकतात. त्यांतील बरेच पुन्हा सुटून जातात. जे राहतात ते बहुशर्करा, प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले व मेदद्रव्ये यांचे मिश्रण स्रवतात आणि त्याच्या योगाने भिंतीला पक्के चिकटतात. या मिश्रणात पाण्याचे प्रमाण फार मोठे, बहुधा ९० टक्क्यांहून अधिक असते. पटलाच्या कोरड्या वजनातही जंतूंचा वाटा थोडा व या द्रव्याचा मोठा असतो. जंतूंची संख्या वाढत जाते तसे ते रासायनिक संकेतद्रव्ये सोडून परस्परांच्या दाटीचा अंदाज घेतात व त्यानुसार आपले वर्तन बदलतात. पूर्ण वाढलेले पटल सपाट नसते. त्यात उंचवटे व त्यांच्यामधून पाणी खेळते ठेवणारे मार्ग असतात. बाहेरच्या थरात ऑक्सिजन भरपूर तर तळाशी तो जवळजवळ नसतो. त्यामुळे काही मायक्रॉन अंतरात परस्परांहून अगदी भिन्न राहणीचे जंतू शेजारी शेजारी नांदू शकतात. त्यांच्यावर उपजीविका करणारे आमीबा व इतर आदिजीवही तेथे येतात. शेवटी प्रवाहाच्या ओढीने पटलाचे तुकडे निघून पाण्याबरोबर पुढे जातात आणि दुसरीकडे चिकटतात.

पिण्याच्या पाण्याच्या नळातील पटल बहुधा अखंड नसते. काही मायक्रॉनांपासून काही शेकडा मायक्रॉनांपर्यंत जाडीच्या ठिपक्यांच्या रूपात ते पसरलेले असते. त्याची वाढ मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : पाण्यातील सहज पचणारे कार्बनी द्रव्य, तापमान आणि भिंतीचे स्वरूप. सु. १५° से.पेक्षा अधिक तापमानास वाढ झपाट्याने होते. यूरोपातील नळांना त्यामुळे हिवाळ्यात काही महिने उसंत मिळते. कृष्णाकाठच्या गावांत पाणी वर्षभर कोमट असल्याने ती मिळत नाही, आणि यूरोपीय ग्रंथांतील आकडे इकडे जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते. शिवाय पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होऊन त्यात शेतातील व पात्राबाहेरील कार्बनी द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळते. तुरटीने गढूळपणा बराच जातो पण विरघळलेल्या कार्बनी द्रव्याचा काही भाग पुढे नळात जातो व पटलाला खाद्य पुरवितो.

क्लोरीन व जैवपटल : भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) यानुसार पिण्याच्या पाण्यात अवशिष्ट मुक्त क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला किमान ०.२ मिग्रॅ. असावे लागते आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास ते किमान ०.५ मिग्रॅ. ठेवावे लागते. एश्चेरिकिया कोलाय हा विष्ठेच्या प्रदूषणाचा निदर्शक जंतू १०० मिलि. पाण्याच्या कोणत्याही नमुन्यात आढळता कामा नये. महाराष्ट्रातील गावोगावी विरंजक चूर्ण (ज्यास बोलीत ‘टीसीएल पावडर’ म्हणतात) टाकून हे साधले जाते. या कामासाठी ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक नेमलेला असतो. अवशिष्ट क्लोरीन पाहण्याच्या ‘ओटी’ तपासणीत ऑर्थोटोलिडिनाचे थेंब टाकून पाण्याला येणारा पिवळा रंग पाहिला जातो. या द्रव्याच्या कर्करोगकारकतेविषयी शंका असल्याने डीपीडी हे दुसरे अभिकारक वापरणे अधिक श्रेयस्कर मानले जाते.

पाण्यात सुटे तरंगणारे बहुतेक सूक्ष्मजंतू एवढ्या क्लोरीनने सहज मरतात. पटलातील जंतूंची गोष्ट निराळी असते. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पृष्ठभागाला चिकटलेले जंतू सुट्या जंतूंच्या तुलनेने मुक्त क्लोरीनला १५० ते ३,००० पटींहून अधिक दाद देत नाहीत, असे आढळले. यामागे एकच एक कारण नाही. क्लोरीन हे तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने बाहेरच्या चिकट द्रव्याशीच त्याची विक्रिया होते व आत विसरण होण्यापूर्वीच ते खर्ची पडते. १९९४ मध्ये सूक्ष्म विद्युत् अग्रांनी केलेल्या प्रत्यक्ष मापनात पटलाच्या आतील क्लोरीनचे प्रमाण बाहेरील पाण्यातील प्रमाणाच्या बहुधा २० टक्के किंवा त्याहूनही कमी भरले. तळाशी असलेले जंतू उपासमारीमुळे जवळजवळ सुप्त असतात व सुप्त जंतूंवर निर्जंतुकाचा परिणाम मंद होतो. लोखंडी नळात गंजाच्या गाठी असल्या, तर गंजही क्लोरीन खातो.

यावरून क्लोरीन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. पटलातून सुटून पाण्यात आलेल्या जंतूला तोच मारतो, पटलाची जाडी आटोक्यात ठेवतो आणि गळतीतून शिरलेल्या घाणीविरुद्धची ती शेवटची तटबंदी असते. चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. नळाच्या टोकाशी असलेल्या वस्तीत क्लोरीन आढळले नाही की केंद्रात त्याची मात्रा वाढविण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिच्यामुळे केंद्राजवळच्या घरांत पाण्याला उग्र वास येतो, लोक ते पिणे टाळतात, टोकाच्या घरांत क्लोरीन पूर्ववत नाहीसाच राहतो आणि कार्बनी द्रव्याशी विक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनांसारखी अनिष्ट उपफले मात्र वाढतात. क्लोरीनचे नाहीसे होणे हे पुष्कळदा नळाच्या आतील अवस्थेचे लक्षण असते. लक्षणावर मात्रा वाढविल्याने मूळ दोष जात नाही. टोकाकडील भागात पुन्हा थोडे क्लोरीन देण्याची सोय करणे व तो भाग धुऊन काढणे हा याहून बरा मार्ग होय. मोनोक्लोरामीन हे संयुग क्लोरीनपेक्षा सौम्य असले, तरी कमी विक्रियाशील असल्याने पटलात अधिक खोलवर जाते, म्हणून काही देशांतील मोठ्या शहरांत ते वापरतात.

आरोग्याशी संबंध : नळातील बहुसंख्य पटलवासी जंतू निरुपद्रवी असतात. पटल आहे म्हणजे पाणी विषारी आहे, असे नव्हे. मंद वाळू गाळणीत वाळूच्या कणांवरचे जैवपटलच पाणी शुद्ध करते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. धोका असतो तो पटलाने दिलेल्या आसऱ्याचा. स्यूडोमोनस एरुजिनोजा, मायकोबॅक्टिरियम एव्हियम यांसारखे जंतू पटलात वाढू शकतात व मुख्यतः रुग्णालयातील दुर्बल रुग्णांना बाधतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे उद्भवलेल्या फुप्फुसदाहाच्या साथीचे कारण ठरलेला लेजिओनेला न्यूमोफिला हा जंतू पटलातील आमीबांच्या शरीरात वाढतो, असे पुढे दिसून आले.

कृष्णेच्या खोऱ्यातील नित्याची भीती मात्र हगवण, विषमज्वर व कावीळ यांची आहे. पंचगंगेकाठच्या इचलकरंजी येथे २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथींचे मूळ सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळणे हे असते, जैवपटल हे नव्हे. यकृतशोथाचा विषाणू पटलात वाढू शकत नाही, कारण विषाणूची वाढ सजीव पोषक कोशिकेतच होते. परंतु एकदा घाण नळात शिरली म्हणजे तिच्यातील जंतू व विषाणू पटलात अडकून काही काळ टिकतात आणि गळती बुजविल्यानंतरही थोडे थोडे सुटत राहतात. गळतीची दुरुस्ती झाली म्हणून धोका त्याच दिवशी टळला, असे मानता येत नाही. याच्या उलट प्रकारही घडतो. कोलाय गटातील काही जंतू पटलातच वाढून नमुन्यात येतात व विष्ठेचे प्रदूषण नसताना तपासणी प्रतिकूल ठरते. अशा वेळी एश्चेरिकिया कोलायची स्वतंत्र परीक्षा केल्यावाचून निर्णय करू नये.

खंडित व अखंड पुरवठा : महाराष्ट्रातील बहुतेक गावांना व शहरांना पाणी दिवसातून एक-दोन वेळा ठराविक तास, कित्येक ठिकाणी तर दिवसाआड किंवा त्याहूनही कमी वेळा सोडले जाते. पटलाच्या दृष्टीने याहून प्रतिकूल व्यवस्था कल्पिणे कठीण आहे. पाणी बंद होताच नळातील दाब नाहीसा होतो, उताराकडील घरे उरलेले पाणी ओढून घेतात आणि नळात अंशतः निर्वात निर्माण होते. नळ व गटार शेजारून गेले असतील, तर सांध्यांच्या फटींतून मातीतील घाण पाणी आत शोषले जाते. पाणी अधिक मिळावे म्हणून नळाला थेट विजेची मोटर लावण्याची जी अनिष्ट प्रथा आहे, तिने हे शोषण आणखी वाढते. साचून राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन संपते व पटलाला निर्धास्त वाढण्यास कित्येक तास मिळतात. पुढे पाणी सोडताच हवेबरोबर जोराचा लोंढा येतो व तो भिंतीवरील पटल आणि गाळ खरवडून काढतो. नळाला प्रथम येणारे गढूळ पाणी ते हेच. गृहिणी पहिली बादली पिण्यासाठी भरत नाहीत, या रूढीला त्यामुळे शास्त्रीय आधार आहे.

या फरकाचे चांगले मापन कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे झाले आहे. या जुळ्या शहरांच्या काही प्रभागांत प्रायोगिक स्वरूपात चोवीस तास पुरवठा सुरू करण्यात आला व उरलेल्या भागात जुनी खंडित पद्धत चालू राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) संशोधकांनी दोन्ही भागांतील पाण्याची तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खंडित पुरवठ्याच्या नळांवरील ३१.७ टक्के नमुन्यांत एश्चेरिकिया कोलाय आढळला, तर अखंड पुरवठ्याच्या नळांवरील केवळ ०.७ टक्के नमुन्यांत. पाणी सोडल्यानंतरच्या पहिल्या लोंढ्यात प्रदूषण विशेष असते, हेही त्यांच्या पुढील अभ्यासात दिसून आले.

कराडला लागून असलेल्या मलकापूर या छोट्या शहरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविण्यात आली आणि राज्यातील अशा आरंभीच्या योजनांत तिची गणना होते. वितरणासाठी उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाचे नळ टाकण्यात आले, प्रत्येक जोडणीला मापक बसविण्यात आला व वापर वाढेल तसा चढा दर आकारण्यात आला. योजनेची चर्चा बहुधा लोकांची सोय व पाण्याची बचत या अंगांनीच होते. परंतु नळ सदैव दाबाखाली भरलेला राहिला की बाहेरची घाण आत येत नाही, पाणी फार काळ एका जागी साचत नाही आणि लोंढ्याने पटल उखडले जात नाही, हा तिचा आरोग्यविषयक लाभ बचतीहून कमी महत्त्वाचा नाही. अखंड पुरवठ्याला पाणी अधिक लागते, हा समजही सर्वथा खरा नाही. मापक नसलेल्या खंडित पुरवठ्यात तोट्या उघड्या राहतात आणि काल साठविलेले पाणी ‘शिळे’ म्हणून आज ओतून दिले जाते.

२०१९ पासून जल जीवन मिशनाखाली खेड्यांत घरोघरी नळजोडण्या देण्यात आल्या. त्यामुळे हंड्याची पायपीट वाचली हे मोठेच काम झाले. त्याबरोबर नळांच्या जाळ्याची लांबी व त्याच्या आतील पृष्ठाचे क्षेत्रफळही वाढले. विहिरीत चूर्ण टाकले म्हणजे काम संपले, ही जुनी रीत अशा जाळ्याला पुरी पडत नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची महाराष्ट्रातील पद्धत उपयुक्त आहे. तथापि तिचा भर उद्‌भव, परिसर व उघड दिसणारी गळती यांवर आहे. नळाच्या आत काय चालले आहे, ते तिच्यावरून फारसे कळत नाही.

महापूर ही याहून वेगळी आपत्ती होय. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी नदीकाठची जॅकवेल व पंप पाण्याखाली जातात, पुरवठा थांबतो आणि दाब नसलेल्या नळांत पुराचे पाणी शिरते. पुरवठा पुन्हा सुरू करताना नेहमीच्या मात्रेचे क्लोरीन अशा वेळी पुरेसे नसते. प्रथम सर्व नळांतील पाणी वाहू देऊन गाळ काढावा लागतो, नंतर अधिक तीव्रतेचे क्लोरीनयुक्त पाणी कित्येक तास नळात कोंडून ठेवून ते सोडून द्यावे लागते व नंतरच पिण्यासाठी पाणी द्यावयाचे असते. लोकांच्या निकडीपुढे हा क्रम पाळणे अवघड जाते. निदान पहिले काही दिवस पाणी उकळून पिणे त्यामुळे आवश्यक ठरते.

नियंत्रण : पटल कायमचे नाहीसे करणे शक्य नाही. ते पातळ व स्थिर ठेवणे एवढेच साधता येते. नेदर्लंड्समध्ये पाण्यातील पचनीय कार्बनी द्रव्य शुद्धीकरणातच इतके कमी करतात की, जंतूंना वाढण्यास अन्नच उरत नाही. ॲम्स्टरडॅमने १९८३ पासून वितरणात क्लोरीन वापरणे सोडून दिले आहे. मात्र तेथील नळांना गळती फारच थोडी असते व दाब कधी जात नाही. या दोन गोष्टी नसताना क्लोरीन सोडणे आत्मघातकी ठरेल. आपल्याकडे करण्याजोगे उपाय साधे आहेत. टाक्या वर्षातून निदान दोनदा रिकाम्या करून घासणे, नळांची बंद टोके जोडून पाणी खेळते करणे, सेकंदाला १ मी. किंवा अधिक वेगाने पाणी सोडून नळ धुणे, मोठ्या नळांतून फोमचा बोळा ढकलून भिंती पुसून काढणे आणि गटारालगतचे जुने नळ बदलणे हे ते उपाय होत.

नळाचे द्रव्यही विचारात घ्यावे लागते. बीडाच्या नळावर लोह जंतू व गंज मिळून खडबडीत गाठी तयार करतात, त्यांच्या आडोशाला पटल फोफावते व नळाची वहनक्षमताही घटते. प्लॅस्टिकचे नळ गुळगुळीत असल्याने प्रारंभी बरे असतात. तांब्याच्या नळात पटल सुरुवातीला सावकाश वाढते. परंतु फिनलंडमधील प्रयोगांत सु. २०० दिवसांनंतर तांबे व पॉलिएथिलीन यांत फरक उरला नाही, असे आढळले. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी चांगले, या समजुतीला प्रयोगांचा आधार मिळाला आहे, कारण पुरेसे तास गेल्यास तांब्याचे आयन आंत्रजंतूंना मारतात. हंडा नळाप्रमाणे काही महिन्यांत निष्प्रभ होत नाही, याचे कारण तो चिंच किंवा राख लावून वारंवार घासला जातो व प्रत्येक वेळी तांब्याचे नवे पृष्ठ उघडे पडते. नळ आतून असा घासता येत नाही.